किती डोस, किती माणसांमागे? किरणोत्सर्गाची बातमी कशी वाचावी

दिंडोरी तालुक्यात अणुभट्टी नाही की युरेनियमची खाण नाही. पायाखालचा काळा बेसाल्ट तर या बाबतीत अगदी सोज्वळ. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम आणि थोरियम फार कमी. तरीही किरणोत्सर्गाचा विषय इथे वरचेवर निघतो. ग्रामसभेत मोबाइल टॉवरचा ठराव आला की निघतो, लासलगावच्या केंद्रात किरण मारलेला कांदा खावा की नाही यावर निघतो, नाशिकच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला की घरात निघतो. आणि एखाद्या वस्तीवर वर्षभरात तीन-चार जणांना कॅन्सर निघाला, की मग दुसरा विषयच निघत नाही.

अशा वेळी कानावर पडणारे आणि वर्तमानपत्रात छापून येणारे काही शब्द इथे उलगडून सांगतो. ते पाठ करायची गरज नाही. तीन प्रश्न मात्र जवळ ठेवा: डोस किती होता? किती माणसांमागे किती आजारी पडली? आणि तुलना कुणाशी केली? ज्या बातमीत तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही, तिने घाबरायचं कारण नाही आणि निर्धास्त व्हायचंही नाही.

द्राक्ष बागाईतदाराला पहिला प्रश्न नव्याने शिकवावा लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तो हंगाम इथे कुणी विसरलेलं नाही. रेसिड्यूचा रिपोर्ट हातात आला की बागाईतदार ‘औषध सापडलं’ एवढ्यावर थांबत नाही. किती सापडलं आणि मर्यादा किती, हे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवून बघतो. किरणोत्सर्गाच्या बातमीत मात्र तोच माणूस ‘सापडलं’ वाचूनच हादरतो. रिपोर्ट वाचायची ती सवय इकडे आणायची आहे.

मोजमापाचे तीन शब्द

बेकरेल, ग्रे आणि सिव्हर्ट या तीन एककांची बातम्यांमध्ये सर्रास सरमिसळ होते.

सेकंदाला एका अणुकेंद्राचं विघटन झालं की तो एक बेकरेल. पदार्थात किरणोत्सर्ग किती आहे ते यातून कळतं, आपल्याला इजा किती होईल ते कळत नाही. शिवाय हे एकक इतकं बारीक आहे की आकडे उगाच मोठे दिसतात. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार नैसर्गिकपणे असतोच. त्याचे सत्तर किलोच्या माणसात चारेक हजार बेकरेल भरतात. त्यामुळे ‘हजारो बेकरेल आढळले’ असा मथळा दिसला की कशात, किती लिटरमध्ये किंवा किलोमध्ये, कुठल्या मूलद्रव्याचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्रे म्हणजे शोषलेली ऊर्जा: एका किलोला एक ज्यूल. लासलगावचा कांदा या एककात मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं तिथलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झालं. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्याला साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा देतात. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस-केशर जायला लागले तेव्हा फळातल्या किडीच्या बंदोबस्तासाठी आंब्याला किमान ४०० ग्रे द्यावे लागले, तेही इथेच. आता हे आकडे माणसाच्या आकड्याशेजारी ठेवा. एकाच वेळी सगळ्या अंगाला चार ग्रेच्या आसपास मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांपैकी जवळपास निम्मी दगावतात. म्हणजे कांद्याला दिलेली मात्रा माणसासाठी भयंकर आहे. पण ती कांद्याला बसते, आपल्याला नाही, आणि कांदा ती पुढे आपल्याकडे पोचवत नाही. केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातले अणू किरणोत्सारी करण्याइतकी नसते. किरण कोंबाच्या पेशींमधला डीएनए तोडतात आणि काम संपतं. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या शेजारी बसायला आपण घाबरत नाही, त्याचं कारणही हेच. विकिरणाविषयी वाद घालायचाच तर किमतीवर, साठवणुकीवर, चाळीत होणाऱ्या सडीवर घाला. कांदा किरणोत्सारी होतो हा मुद्दा टिकणारा नाही.

तिसरं एकक सिव्हर्ट. किरण कुठल्या प्रकारचे होते आणि शरीराच्या कुठल्या अवयवाला लागले, याचा हिशेब धरून माणसाची जोखीम दाखवणारा हा आकडा. एक्स-रे आणि गॅमा किरण सगळ्या अंगाला सारखे लागले तर एक ग्रे म्हणजे एक सिव्हर्ट. अल्फा कण मात्र तेवढ्याच ऊर्जेत वीसपट धरतात, म्हणून असे कण सोडणारा, श्वासावाटे फुप्फुसात जाणारा रेडॉन वायू एवढा महत्त्वाचा. रोजच्या व्यवहारात सिव्हर्टचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट, वापरतात. मिलि आणि मायक्रो यांच्यात हजारपटीचा फरक आहे आणि बातमी टाइप करताना नेमका तोच शब्द गळतो.

निसर्गातूनच, म्हणजे माती, खडक, अवकाश, अन्न आणि रेडॉन मिळून, जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. निम्म्याहून थोडे जास्त एकट्या रेडॉनचे आणि त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या मूलद्रव्यांचे. छातीच्या एका एक्स-रेचे ०.०२ ते ०.१. डोक्याच्या सीटीचे दोनेक, पोटाच्या सीटीचे आठ ते दहा. क्षयरोग शोधमोहिमेत गावोगावी येणारं हातातलं एक्स-रे यंत्र आणि नाशिकला काढलेला पोटाचा सीटी, दोन्हींना घरात ‘फोटो काढला’ म्हणतात. मात्रेत शंभरपट किंवा त्याहून जास्त अंतर आहे. क्षयरोगाच्या एक्स-रेला केवळ किरणांच्या भीतीने नाही म्हणणं हा निव्वळ तोट्याचा व्यवहार.

सीटीचं तसं नाही. तिथे थोडं विचारावं. सोनोग्राफीने किंवा एमआरआयने काम भागेल का? दोन्हींत असे किरण नसतात. आधीच्या सीटीची सीडी उपयोगी पडेल का? सीटीच्या कागदपत्रांत बहुधा डोसचं वेगळं पान असतं, त्यावर ‘डीएलपी’ नावाचा आकडा असतो. प्रौढ माणसाच्या पोटाच्या सीटीसाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की ढोबळ मिलिसिव्हर्ट निघतात. डीएलपी ६०० असेल तर नऊ. हे पान जपून ठेवा, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. युरोपातल्या नऊ देशांत लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख जणांचा पाठपुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अस्थिमज्जेला मिळालेली मात्रा वाढेल तशी रक्ताच्या कॅन्सरची जोखीम वाढलेली दिसली. प्रत्यक्षात वाढलेले रुग्ण दहा हजारांमागे एक-दोन इतकेच, पण मुलाला सीटी लिहून देताना डॉक्टरांनी दोनदा विचार करावा याला हे पुरेसं कारण आहे. बाई गरोदर असेल किंवा पाळी चुकली असेल तर यंत्रासमोर उभं राहण्याआधी सांगायचं. पण छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेसुद्धा पोचत नाही, आणि व्यंगाचा प्रश्न शंभर मिलिग्रेच्या पुढे येतो. एक्स-रे झाल्यावर दिवस गेल्याचं कळलं म्हणून गर्भपाताचा सल्ला कुणी देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

‘मर्यादा’ या शब्दावरूनही गोंधळ होतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आणि किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा ठेवली आहे. एकच्या मर्यादेत नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा धरत नाहीत. ही मर्यादा ओलांडली की माणूस आजारी पडतो असं नसतं. कारखाने आणि यंत्रं यांनी एवढ्यात राहावं म्हणून आखलेली ती रेघ आहे. एक्स-रे सेंटरमधल्या तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रा मोजणारा टीएलडी बॅज दिसला नाही आणि भिंतीवर मंडळाचा परवाना दिसला नाही, तर विचारायला संकोच करू नका. तुमच्यापेक्षा त्या तंत्रज्ञाच्या तब्येतीचा प्रश्न मोठा आहे.

भाजणं आणि शक्यता

किरणांचे परिणाम दोन जातींचे. एका जातीला उंबरठा असतो: त्वचा लाल होणं, केस गळणं, मोतीबिंदू, अस्थिमज्जा कोलमडणं. ठरावीक मात्रेच्या खाली ते होत नाहीत, वर गेलं की मात्रेबरोबर तीव्रता वाढते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात हेच घडलं. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती उघडा पडला, कामगार होरपळले, एकाचा मृत्यू झाला. आपल्याकडेही गावोगाव भंगार फिरतं, म्हणून सांगून ठेवतो: शिशाचं, आकाराच्या मानाने फार जड डबडं आणि त्यावर पिवळ्या रंगावर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर हातोडा लावायचा नाही. सगळ्यांना लांब करा आणि पोलिसांना कळवा.

दुसऱ्या जातीत, मुख्यतः कॅन्सरमध्ये, मात्रेबरोबर तीव्रता नाही तर शक्यता वाढते. वीस मिलिसिव्हर्टने झालेला कॅन्सर दोनशेने झालेल्यापेक्षा सौम्य नसतो, फक्त तो होण्याची शक्यता कमी असते. अगदी कमी मात्रेला काय होतं, ते कुठल्याही एका माणसात दाखवता येत नाही, कारण किरणांमुळे झालेल्या कॅन्सरवर तसा शिक्का नसतो. म्हणून संरक्षणासाठी जगभर एक गृहीतक धरतात: जास्त मात्रेला दिसलेली जोखमीची रेषा सरळ शून्यापर्यंत खाली आणायची, मध्ये उंबरठा मानायचा नाही. त्या हिशेबाने एका सिव्हर्टला साधारण पाच टक्के, म्हणजे दहा मिलिसिव्हर्टच्या सीटीला दोन हजारांत एक. शेजारी हेही ठेवा की आयसीएमआरच्या अंदाजानुसार भारतात नऊपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो, सीटी काढो वा न काढो. हे गृहीतक सावध नियम बनवायला चांगलं आहे. पण लाखो लोकांच्या इवल्याइवल्या मात्रांची बेरीज करून ‘इतके हजार मरणार’ असं भाकीत त्यावरून करू नये, असं ते वापरणारी आंतरराष्ट्रीय समितीच सांगते. बातम्यांतली मोठमोठी भाकितं बहुतेक अशीच निघालेली असतात.

मोबाइल टॉवर या सगळ्या हिशेबात बसतच नाही. एक्स-रे, गॅमा हे आयनीकारक किरण. त्यांच्यात अणूतून इलेक्ट्रॉन उडवून डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा असते. टॉवरच्या रेडिओलहरींत ती नसते, त्या फार तर ऊती तापवतात. त्यामुळे टॉवरचं मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये सांगणाऱ्याला विषय कळलेला नाही असं खुशाल समजा. भारताने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून लागू केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कॅन्सरकारक’ यादीत टाकलं, हे टॉवरविरोधी पत्रकांवर हटकून छापलेलं असतं. ते खरं आहे. पण हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही २-बमध्येच आहे. पहिल्या, पक्क्या पुराव्याच्या गटात तंबाखू, सुपारी आणि दारू आहे. दिंडोरीच्या वायनरीतली वाइनही त्यातच धरायची. मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध २०२४ च्या मोठ्या आढाव्यात दिसला नाही. टॉवरला जागेवरून, परवानगीवरून, जनरेटरच्या आवाजावरून विरोध करायचा तर तो जरूर करा; त्यासाठी कॅन्सरची भीती उसनी घ्यायची गरज नाही.

चार जण आजारी, पण कितींमागे?

साथरोगशास्त्राचा प्राण छेदात असतो. ‘आमच्या गावात यंदा चार जणांना कॅन्सर’ हा झाला अंश. छेद कुठाय?

एक हिशेब करून बघू. तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांहून जास्त. सोयीसाठी दोन हजार वस्तीची दीडशे गावं धरा. कॅन्सरचा दर वर्षाला लाखामागे साठ नवे रुग्ण एवढा धरा. देशाची सरासरी २०२२ च्या अंदाजात लाखामागे शंभर होती, ग्रामीण भागात नोंद कमी असते. म्हणजे एका गावात वर्षाला सरासरी १.२ रुग्ण. पण सरासरी म्हणजे प्रत्येक गावाला सारखं वाटप नव्हे. कुठलंही कारण नसताना, निव्वळ योगायोगाने, दीडशेपैकी साधारण पंचेचाळीस गावांत त्या वर्षी एकही रुग्ण नसेल आणि पाचेक गावांत चार किंवा त्याहून जास्त असतील. त्या पंचेचाळीस गावांची बातमी होत नाही. पाच गावांत मात्र लोक मान वर करून बघतात, आणि वर टॉवर दिसतो. आधी घोळका बघायचा आणि मग कारणाची हद्द त्याच्याभोवती आखायची, हा दोष इतका सहज होतो की शिकलेली माणसंही त्यात सापडतात. याचा अर्थ घोळका नेहमी योगायोगच असतो असा नाही. एकाच अवयवाचा, एरवी दुर्मीळ असलेला, किंवा नेहमीपेक्षा खूप तरुण वयात होणारा कॅन्सर पुन्हापुन्हा दिसला तर ती गोष्ट गंभीर असते. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा आणि यकृताचा असे चार वेगवेगळे कॅन्सर मोजून चार झाले असतील, तर ते चार वेगळे आजार आहेत.

दर काढायला नोंद लागते, आणि ती रुग्णालयाच्या दारात बसून होत नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. खेड्यासाठी पहिली १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. बार्शीचं काम मला फार मोलाचं वाटतं: तिथले कार्यकर्ते रुग्ण येण्याची वाट न बघता गावोगाव जाऊन चौकशी करत. रुग्णालयाच्या आकड्यांवरून ‘अमुक तालुक्यात कॅन्सर वाढला’ असं लिहिलेलं वाचलं, की आधी विचारा: रुग्ण वाढले की रुग्णालय जवळ आलं? सरकारी योजनेत उपचार मोफत झाले तरीही आकडा वाढतो. आणि गाव म्हातारं झालं तरीही. तरुण मुलं पुण्याला निघून गेली आणि मागे साठीच्या पुढचीच उरली, तर दर आपोआप चढतो. तो चढ काढून टाकून केलेल्या दराला वयसमायोजित दर म्हणतात. दोन गावांची किंवा दोन काळांची तुलना फक्त याच दराने करायची.

मग येतो गोंधळ घालणारा तिसरा घटक. संशोधक त्याला कन्फाउंडर म्हणतात. समजा टॉवरजवळच्या वस्तीत कॅन्सर खरोखरच जास्त निघाला. टॉवर बहुतेकदा रस्त्याकडेला, दाट वस्तीत. तिथे तंबाखू, मशेरी जास्त आहे का? बाग जवळ आहे का? छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावणारे, हंगामभर फवारणी करणारे मजूर तिथेच राहतात का? हे प्रश्न न विचारता टॉवरला दोष दिला, तर खरा आरोपी सुटतो. फवारणीचं नुसतं विचारूनही भागत नाही, कारण आठवणीचा दोष आड येतो. आजारी माणूस दहा वर्षांपूर्वीची प्रत्येक फवारणी आठवून आठवून सांगतो, निरोगी शेजारी ‘हो, मारत होतो काहीतरी’ म्हणून मोकळा होतो. फवारणीची वही ठेवलेली असेल तर ती निर्यातीच्या कागदपत्रांपेक्षाही इथे जास्त उपयोगाची.

आजारी आणि निरोगी माणसं निवडून मागे वळून बघणं याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. तो स्वस्त आणि झटपट, पण हा आठवणीचा दोष त्यातच सर्वांत जास्त. निरोगी लोकांचा मोठा समूह धरून त्यांच्या मागे वर्षानुवर्षं चालणं म्हणजे कोहॉर्ट अभ्यास. त्यात व्यक्ति-वर्ष हे माप येतं: शंभर माणसं दहा वर्षं म्हणजे हजार व्यक्ति-वर्षं. हिरोशिमा-नागासाकीच्या बचावलेल्यांचा अभ्यास १९५० पासून सुमारे एक लाख वीस हजार लोकांच्या मागे चालला आहे; किरणांच्या जोखमीचे आपले बरेचसे आकडे तिथून आले.

आपल्या देशातलं उदाहरण केरळचं. करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे; काही जागी घराबाहेर वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत मात्रा मोजली गेली. तिथल्या ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा झाला, सात लाख छत्तीस हजारांहून जास्त व्यक्ति-वर्षं भरली, १,३७९ कॅन्सर नोंदले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दर ग्रेमागे अतिरिक्त सापेक्ष जोखीम उणे ०.१३, आणि ९५ टक्के विश्वास-मर्यादा उणे ०.५८ ते अधिक ०.४६.

हे वाक्य वाचायला शिकलात तर अर्धं काम झालं. अतिरिक्त सापेक्ष जोखीम म्हणजे नेहमीच्या जोखमीच्या किती पट भर पडली. शून्य म्हणजे भर नाही; ०.५ म्हणजे दीडपट. विश्वास-मर्यादा म्हणजे आपल्या माहितीशी सुसंगत असलेल्या उत्तरांची पट्टी. इथे पट्टीत शून्य आहे, म्हणून ‘वाढ सिद्ध झाली नाही’. पण पट्टीचं वरचं टोक ०.४६ आहे, आणि जपानच्या अभ्यासातला आकडा ०.५ च्या जवळ. म्हणून ‘केरळने सिद्ध केलं की किरण निरुपद्रवी’ हे वाक्य जसं चुकीचं, तसंच ‘सत्य दडपलं’ हेही. सिद्ध झालं नाही आणि नाही असं सिद्ध झालं, यांत फरक आहे.

याच्या शेजारी २०२३ चा फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या ३,०९,९३२ कामगारांचा अभ्यास ठेवा. तिथे गाठीच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंसाठी दर ग्रेमागे ०.५२, मर्यादा ०.२७ ते ०.७७, यावेळी ९० टक्क्यांची. पट्टी शून्याच्या पूर्ण वर आहे, म्हणजे वाढ खरी असावी. ‘बावन्न टक्के’ हा मथळा मात्र फसवा: तो अख्ख्या एका ग्रेला आहे, आणि एवढी मात्रा कामगाराला आयुष्यभरातही क्वचितच मिळते. शंभर मिलिग्रेला तो पाचेक टक्के होतो. या संशोधकांनी कामगारांची तुलना बाहेरच्या जनतेशी केली नाही, कमी मात्रेच्या कामगारांची जास्त मात्रेच्या कामगारांशी केली. कारण वैद्यकीय तपासणीतून पास होऊन नोकरीला लागलेला माणूस मुळातच सरासरीपेक्षा धडधाकट असतो. अणुकेंद्र तारापूरचं असो की तुर्भ्याचं, ‘आमच्या कर्मचाऱ्यांत कॅन्सर बाहेरच्यापेक्षा कमी’ असं कुणी सांगितलं तर हा निरोगी कामगाराचा परिणाम वजा केला का, ते विचारा.

टक्केवारीचा फसवेपणा मराठवाड्यातल्या एका थोर अभ्यासावरून चांगला कळतो. तो किरणांचा नाही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा आहे. टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे ५२ गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले आणि १,३१,७४६ स्त्रियांचा पाठपुरावा केला. एचपीव्ही तपासणी एकदा झालेल्या गटात ३४,१२६ मध्ये ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ मध्ये ६४. सापेक्ष बोलायचं तर मृत्यू जवळपास निम्मे. निरपेक्ष बोलायचं तर हजार स्त्रियांमागे आठ वर्षांत एक मृत्यू टळला. दोन्ही खरं. औषध विकणारा पहिला आकडा सांगतो, खर्च टाळणारा दुसरा. वाचकाने दोन्ही मागावेत. याच अभ्यासात कॅन्सरची नोंद तपासणीच्या गटात थोडी जास्तच झाली, १२७ विरुद्ध ११८, पण पुढच्या टप्प्याला गेलेले निम्म्याहून कमी. शोधलं की जास्त सापडतं. फुकुशिमानंतर तिथल्या सुमारे तीन लाख मुलांचे थायरॉइड सोनोग्राफीने तपासले आणि कॅन्सर जास्त निघाले, त्यामागे मुख्यतः हीच बारीक तपासणी असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष आहे. चेर्नोबिलनंतर मात्र वाढ खरी होती: किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. त्या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे. काही आठवडे स्थानिक दूध बंद ठेवलं असतं तर बरंच टळलं असतं.

चिठ्ठ्या टाकून गावं वाटणं किरणांच्या बाबतीत शक्य नाही. निम्म्या गावांना मुद्दाम किरण द्या, असं कुणी म्हणणार नाही. म्हणून या क्षेत्रातला जवळपास सगळा पुरावा निरीक्षणाचा आहे, आणि म्हणूनच वरचे सगळे दोष इतके महत्त्वाचे.

आता तुमच्या गावात खरोखर शंका आली तर काय करायचं. निवेदनावर सह्या गोळा करण्याआधी आशाताईंना बरोबर घेऊन एक तक्ता करा. प्रत्येक रुग्णाचं वय, स्त्री की पुरुष, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, निदान कुठल्या साली आणि बायॉप्सीने झालं का, तंबाखू-मशेरी-दारू, कामधंदा आणि फवारणीशी संबंध, आणि गावात किती वर्षं राहतो. शेवटचा रकाना सुप्तकाळासाठी. किरणांनी रक्ताचा कॅन्सर व्हायला किमान दोन वर्षं, गाठीचा व्हायला बहुधा दहा किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात. तीन वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या कशालाही गेल्या वर्षीच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी जबाबदार धरता येत नाही, आणि लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी आलेल्या सुनेच्या आजाराचं कारण कदाचित तिच्या माहेरी शोधावं लागेल. एकट्या त्या वर्षाचे नाही, मागच्या दहा वर्षांचे रुग्ण घ्या. वारलेले आणि गाव सोडून गेलेलेही. छेदासाठी ग्रामपंचायतीकडून वयोगटानुसार लोकसंख्या घ्या. नावं चावडीवर लावू नका, मुलींची लग्नं मोडतात. हा तक्ता अर्जासोबत दिंडोरीच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत नाशिकला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून तारखेसह पोच घ्या.